खंडेनवमीची फ्लॉपी

कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला तो मला टाइपिंग येत होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही. डॉक्टरांच्या मुंबईच्या भावानं तो खोका गाडीत घालून रत्नागिरीला आणला, आमच्या छोट्या प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडला, वरून पंखा लावायला सांगितला, चहा घेतला आणि इंग्रजी पुस्तकांचे दोन ठोकळे माझ्या हातात दिले. म्हणाला, यात सगळं आहे. सगळं होतंच हो, पण ते वाचणार कोण? मी पालीच्या शाळेत शिकलेली, बारावी पास, वर टाइपिंगची परीक्षा. नोकरी केसपेपर लिहिण्याची. तरी डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते ठोकळे वाचून काढले. एसटीत वाचले, दुपारी दवाखाना बंद असताना वाचले. पान कळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. हट्टी होते मी, अजूनही आहे.

पण मला त्या यंत्राची भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकते. आता नातवंडं हसतात. त्यांना काय कळणार डोंबल! एखादं बटण चुकून दाबलं गेलं तर आत काय मरेल हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. असतीलही कुठे बँकेत वगैरे जाणकार, मला ठाऊक नव्हते. विचारायचं तर मुंबईला ट्रंक कॉल लावा, तो लागेपर्यंत बसा, आणि लागला की वहिनी सांगणार, हे बाहेर गेलेत. एकदा पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, अ‍ॅबॉर्ट करू का म्हणून. प्रसूतिगृहात हा शब्द! सिस्टरनं मागून वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही तरी पाप केलंय. मी घाबरून सरळ वायरच उपटली.

डॉक्टरांना मात्र कौतुक. ते भिंतीला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, विचार बघू आपल्या पंडिताला. पंडित म्हणजे कॉम्प्युटर. मग मी विचारायचे, पंडित हिरवी अक्षरं दाखवायचा आणि डॉक्टर खूश. आपल्या दवाखान्यात असं काही आहे आणि ते आपल्याच माणसाला चालवता येतं, एवढंच त्यांना कळत होतं. ते बिघडेल ही शंका त्यांना कधी शिवलीच नाही. शंका घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

त्या यंत्रात सगळ्यात मोलाची गोष्ट होती ती रक्त देणाऱ्यांची यादी. त्या काळी आमच्याकडे रक्त मिळवणं म्हणजे माणूस मिळवणं. बाळंतीण अडली, रक्त गेलं, की कुणाचा गट जुळतो, तो कुठे राहतो, या वेळी घरी असेल की कामावर, हे ठाऊक असायला लागायचं. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं अशी माणसं जमवली होती. शिक्षक, कारकून, एसटीचे कंडक्टर, बंदरावरचे दोघंतिघं. त्यांची कार्डं एका लाकडी खणात असायची. त्या खणाला वाळवी लागली. अर्धी कार्डं पिठासारखी झाली, उरलेली मी फुंकून फुंकून वाचली आणि यंत्रात घातली. मग डॉक्टरांनी खणासकट ती कार्डं जाळून टाकली, वाळवी भिंतीत चढू नये म्हणून. छापायचं यंत्र भाऊ पुढच्या खेपेला आणणार होता. त्याची पुढची खेप काही येईना.

म्हणजे यादी होती ती फक्त फ्लॉपीवर. फ्लॉपी आता कुणी बघितलेली नसते म्हणून सांगते. काळी, चौकोनी, पापडाएवढी पातळ वस्तू. आत एक तबकडी, आणि ती वाचता यावी म्हणून कव्हराला एक लांबट खिडकी. त्या खिडकीतून तबकडी उघडी दिसते. तिला बोटसुद्धा लावायचं नाही, पुस्तकात चित्रावर काट मारून दाखवलेलं. यंत्राला फ्लॉपी घालायच्या दोन खाचा होत्या, त्यातली एक पहिल्याच पावसाळ्यात दमटपणानं गेली. राहिली एक. यादीच्या मी दोन फ्लॉप्या केल्या होत्या, एक रोजची आणि एक कपाटात. याहून जास्त शहाणपण मला त्या पुस्तकांनी शिकवलं नव्हतं.

खंडेनवमीला त्या घरात हत्यारांची पूजा व्हायची. दवाखाना खाली, घर वर. डॉक्टरांची आई, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो, सकाळी पांढरं धूतवस्त्र पसरून त्यावर सगळं मांडायच्या. कात्र्या, चिमटे, बीपी मोजायचं यंत्र, बाळांचा वजनकाटा. गाडीला हार. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्या वस्तूंना विश्रांती. अडीअडचणीला म्हणून एक संच तेवढा आतल्या खोलीत वेगळा ठेवायचा. त्या वर्षी आजी म्हणाल्या, पंडितपण आपलंच हत्यार, त्यालाही मांडू. तो टेबलावरून हलवायचा नाही म्हटल्यावर त्या ताट घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. यंत्र चालू ठेव म्हणाल्या, उजेड दिसायला हवा. मी चालू ठेवलं, खाचेतली फ्लॉपी काढून बाजूला ठेवली.

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी बुद्धधर्म घेतला तेव्हा देव पाटीत घालून नदीवर नेले आणि सोडून आले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. दवाखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कधी टोचून बोललं नाही, खोटं कशाला सांगू. आजी तर सणावाराला मला आपल्या शेजारी जेवायला बसवायच्या. पण बसवताना चारचौघांना दिसेल असं बसवायच्या, आणि मला तो घास गिळायला जड जायचा. म्हणून पूजाअर्चा असली की मी मान खाली घालून बाजूला उभी राहायचे. माझं तोंड बघून कुणी काही अर्थ काढायला नको.

आजींनी पडद्याला हळदकुंकू लावलं, खोक्याला लावलं. मग चिमटीत पुन्हा कुंकू घेतलं आणि हात फ्लॉपीच्या त्या खिडकीकडे नेला.

"आजी, तिला नको," मी म्हणाले. "आत कुंकू गेलं तर सगळं पुसून जाईल."

हात तिथल्या तिथे थांबला. सिस्टर ताट धरून उभी होती. मनात काही वाईट नसावं तिच्या, पण बोलली. "तुमच्यात नसतं ना हे, म्हणून."

मला वाटलं जमीन फाटावी. अगं बाई, तुमच्यात-आमच्यात काय, तबकडीला कुंकू चालत नाही, मग ते कुणाच्यातलंही असो! पण हे सगळं मनात. आजी म्हणाल्या, "राहू दे, राहू दे," आणि कुंकू परत करंड्यात झटकलं. त्यांचा चेहरा उतरला होता. फ्लॉपी उचलून मी छातीशी धरली आणि खाली बघत राहिले. त्यांनी झेंडूचं फूल पडद्यावर ठेवलं, डोळे मिटले आणि लग्नात टाकतात तशा अक्षता टाकल्या. तांदूळ टेबलावर, बटणांवर, माझ्या पावलांवर पडले. बटणांवरचे मी नंतर वेचले. वर मान करून कुठे कुठे पडले ते बघायचं धाडस मला झालं नाही.

डॉक्टर तेव्हा वर घरात होते. त्यांच्या कानावर यातलं काही गेलं नाही.

दुपारी जेवणं व्हायच्या आत दारात जीप थांबली. पालीच्याही पलीकडच्या एका वाडीतून बाई आणली होती. घरी बाळंत झालेली, मूल ठीक, पण वार पडल्यापासून रक्त थांबत नव्हतं. नवरा मुंबईला गिरणीत, बरोबर सासू. बाईचा रंग मी बघितला आणि बघायला नको होता असं वाटलं. डॉक्टरांनी तिला आत घेतलं, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन गट तपासला. मग आतूनच ओरडले. बी निगेटिव्ह. गावात त्या गटाची बाटली कुठे शिल्लक आहे का म्हणून फोन झाले. नव्हती. डॉक्टरांनी दाराबाहेर डोकं काढलं. हात कोपरापर्यंत लाल.

"यादी काढ. लवकर. ही तासभर थांबेल, फार तर."

मी फ्लॉपी खाचेत घातली, खाच बंद करायची दांडी फिरवली. नेहमी खर्र खर्र असा एका चालीत आवाज यायचा. आता आला तो दातओठ खाल्ल्यासारखा. पडद्यावर चूक आली. पुन्हा केलं, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा केलं, तीच चूक. फ्लॉपी बाहेर काढली. खिडकीतून दिसणाऱ्या तबकडीवर गोल चरा पडला होता आणि त्याच्या कडेला बारीक लाल भुकटी.

टॉर्च मारून खाचेत बघितलं. आत तांदूळ होते. अक्षतांचे, कुंकू लावलेले.

मी आजींकडे बघितलं नाही. त्या दारातच उभ्या होत्या, फोन चालू असल्यापासून. सिस्टर कसलं तरी इंजेक्शन न्यायला बाहेर आली होती, तीही थबकली. मी यंत्र बंद केलं, सिस्टरच्या मदतीनं तो जड खोका तोंडावर पालथा धरला आणि हलवला. काही दाणे पडले. एक आत अडकून राहिला. लांब चिमटा हवा होता. आतला संच डॉक्टर वापरत होते आणि बाकीचे चिमटे सगळे पूजेत. मी तिकडे वळले तोच आजी पुढे झाल्या, मांडलेल्या पूजेतला चिमटा त्यांनी स्वतः उचलला आणि माझ्या हातात दिला. त्यांच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या.

दाणा निघाला. यंत्र चालू केलं. सुरू करायची फ्लॉपी वेगळी असते, ती घातली. मध्येच एकदा कुरकुरलं, मग चालू झालं. आता हातात कपाटातली फ्लॉपी. यादीची शेवटची.

आणि इथे माझा हात चालेना. त्या खाचेनं पहिली फ्लॉपी खाल्ली होती. आत अजून काही असलं तर? टॉर्चच्या उजेडात मला दिसत नव्हतं म्हणजे नाही, असं थोडंच आहे? वाचणारं टोक वाकलं असेल, खरवडलं असेल, मला काय ठाऊक! मी पुस्तकं वाचून शिकलेली बाई. हीसुद्धा गेली की संपलं. न घालावी तर आतली बाई संपली. घाल म्हणून सांगणारं कुणी नव्हतं, नको म्हणून सांगणारंही नव्हतं. आजवर आयुष्यात मी इतकी कधीच घाबरले नाही, माझ्या स्वतःच्या बाळंतपणातही नाही. बाकावरून तिची सासू माझ्याकडे बघत होती. तिला वाटत असणार, ही पोरगी हातात काळा पापड घेऊन काय उभी राहिली आहे.

"बाय, वाचंल ना गो माजी सून?" तिनं विचारलं.

मी फ्लॉपी घातली.

कुरकुर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग अक्षरं आली. बी निगेटिव्हची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. वीज जाईल, यंत्र बंद पडेल, पडदा काळा होईल, या धास्तीनं मी कागद शोधत बसले नाही. बॉलपेननं तळहातावरच लिहून घेतली. एकाची बदली झालेली मला माहीत होती. दुसरा दसऱ्याला मुंबईला गेला असणार. तिसरा एक शिक्षक, खालच्या आळीत राहणारा. चौथ्याचा पत्ता मला नीट कळेना. मी दारातून नावं वाचून दाखवली. डॉक्टर ओरडले, शिक्षकाला आण.

बाहेर रिक्षावाला गाडी धुऊन हार घालत होता. म्हणाला, पूजा झाली ताई, आज गाडी हलवत नाही. मी त्याला काही समजावून सांगितलं नाही, नुसती रिक्षात जाऊन बसले. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्यानं रिक्षा काढली. सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच, मास्तर घरी नसले तर. मास्तर घरी होते. शिडीवर चढून दाराला तोरण लावत होते. मी अंगणातूनच गट सांगितला, ते तसेच उतरले, चपला घातल्या आणि निघाले. वाटेत त्यांनी विचारलं, मुलगा की मुलगी? मला सांगता आलं नाही.

मास्तरांचं रक्त जुळलं. बाटली लागली. संध्याकाळच्या आत डॉक्टर बाहेर येऊन खुर्चीत बसले, पाय लांब केले आणि पाणी मागितलं. थांबलं, म्हणाले. सासू भिंतीला डोकं टेकून रडायला लागली. माझ्याही जिवात जीव आला. तो किती वेळ टिकला म्हणाल, तर मी यंत्रापाशी जाऊन बसेपर्यंत.

यादीची आता एकच चांगली फ्लॉपी उरली आहे, लगेच दुसरी करून ठेवू, म्हणून बसले होते. घातली. चूक. पुन्हा घातली. चूक. बाहेर काढून उजेडात धरली तर तिच्यावरही तसाच चरा. तिनं नावं दिली ती तेवढी एकदाच. एवढ्या वर्षांत जमवलेली सगळी माणसं गेली, आणि तळहातावरची उरलेली नावं मी रक्ताची बाटली धरण्याआधी साबणानं धुऊन टाकली होती. उद्या दुसरी कुणी आली असती तर?

मी त्या संध्याकाळी कुणाला काही सांगितलं नाही. शेवटच्या एसटीनं घरी आले. आईनं विचारलं, काय झालं, तर डोकं दुखतंय म्हटलं. लोक काय बोलणार ते मला पाठ होतं. ही पूजेला नको म्हणाली, आणि बघा, त्याच दिवशी यंत्र बिघडलं. अक्षता आत गेल्या म्हणून सांगावं तर आजींवर आळ घेतल्यासारखं, आणि माझ्या तोंडून ते ऐकून घेणार कोण! त्यापेक्षा दमट हवा बरी. कोकणात काहीही बिघडलं की दमट हवा म्हणावं, कुणी पुढे विचारत नाही. येताना एसटीत मी ते वाक्य मनात घोळवत आले.

दसऱ्याच्या सकाळी ती बाई उशीला टेकून पेज पीत होती. तिच्या कुशीत मुलगी. डॉक्टर तिला बघून खुशीत बाहेर आले. माझ्या टेबलाला टेकून म्हणाले, पंडितानं लाज राखली हो काल, आता एक कर, ती सगळी यादी आजच्या आज कागदावर उतरव. सिस्टर खिडकीपाशी कापूस कापत होती. आजी आपट्याच्या पानांचं ताट घेऊन वरून उतरत होत्या.

यादी गेली, मी सांगितलं. दोन्ही फ्लॉप्या गेल्या.

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "कशी गेली?"

दमट हवा ओठांवर आली होती. तेवढ्यात आजी शेवटच्या पायरीवरून बोलल्या.

"माझ्या अक्षता गेल्या त्यात. ही पोर कुंकूसुद्धा नको म्हणत होती, तरी मी टाकल्या."

डॉक्टर आईकडे बघत राहिले. आता ते आईला काही तरी बोलणार, आणि ते मला ऐकावं लागणार, म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरली. पण ते आईला काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळले.

"मग काल मला का नाही सांगितलंस?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं मला.

"भीती वाटली," मी म्हणाले.

"भीती? कसली?"

खरंच विचारत होते ते. भला माणूस, मला कधी घालूनपाडून बोललेले नाहीत, पगार कधी थकवलेला नाही, आणि मी कशाला घाबरते हे त्यांना मुळात ठाऊकच नव्हतं. सिस्टरची कात्री थांबली होती. आजी ताटातली पानं उगाच सारखी करत होत्या, मान वर न करता. डॉक्टर उत्तराची वाट बघत उभे होते.